पायात बांधलेली घडी

मी बोलून राह्यली अन् माही सून अर्चना लिहून राह्यली. मी दुसरीपर्यंत शिकली. आकडे वाचता येतात, पण लिहाले हात चालत नाई. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं म्हटलं होतं, बाई, तुमच्या पायाचं कोणाले तरी सांगा, तुमच्यासारख्या गंज बाया पोटरी दाबत घरी बसून राहतात. म्हून सांगतो. चालता चालता ज्याची पोटरी आवळते अन् उभं राह्यलं का सुटते, त्याच्यासाठी हे हाये. बाकीच्याईनं वाचलं तरी काही बिघडत नाई.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाले लागून. धानाची बांधी हाये, थोडं जवस होते. नवरा जाऊन गंज वर्षं झाली. लेक एकच, मोरेश्वर. त्याले आम्ही मोरू म्हणतो. तो चंद्रपुरात राहते, कोळशाच्या खदानीत मोठी गाडी चालवते. गावात मी एकटीच राहतो. एकटी म्हंजे शेजारी गिरजा हाये. आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलो. तिचा माहा चुलीचा धूरही एकच असन.

पोटरी

आधी उजव्या पायाले झालं. घरून बांधीवर जाले निघाली का अर्ध्या रस्त्यात पोटरी आवळे. ओलं लुगडं दोघी जणी दोन्हीकडून पिळतात, तसं. उभी राह्यली का थोड्या वेळानं सुटे. मंग पुन्हा चालाचं, पुन्हा आवळे. काही दिवसानं डाव्या पायातही तेच सुरू झालं.

कोणाले सांगाची लाज वाटे. म्हून मी उभी राहो तवा झाडाकडं पाहो. एखादं पान तोडो, पदर ठीक करो. गिरजाच्या ध्यानात आलं. म्हणे, तुले आजकाल झाडं पाहाची लय हौस आली व. मी म्हटलं, म्हातारपण हाये, दुसरं काय. ती म्हणे, म्हातारी तं मी पण झाली, मी कुठी झाडं पाहतो.

माहं तोंड कधी रिकामं राह्यलं नाई. आधी तंबाखू अन् चुना. मंग गावच्या ठेल्यावर खर्रा मिळाले लागला, सुपारी-तंबाखू घोटून पन्नीत बांधून देतेत, तवापासून खर्रा. उपाशी राहीन पण खर्ऱ्याबिगर राहत नाई, असं होतं. त्याचा अन् पायाचा संबंध हाये, हे मले कोणी सांगतलं असतं तं मी हासली असती.

धान कापून झाल्यावर बांधीत जवस पेराले गेली. धसकट उजव्या अंगठ्यात घुसलं. जखम बारीक होती, पण भरेना. हळद लावली, करंजीचं तेल लावलं. अंगठ्याचा रंग बदलला. आशा ताई लहान पोराईच्या सुया सांगाले आली होती, तिची नजर पडली. तिनं सरळ मोरूले फोन केला.

तपासणी

चंद्रपूरचा डॉक्टर तरणाच होता. बोलणं पुण्याकडचं. त्यानं माह्या पायाच्या वर दोन बोटं ठेवली अन् डोळे मिटून बसला. पहिले उजव्या पायावर, मंग डाव्या. मले वाटलं हा मंत्र म्हणून राह्यला का काय. मंग पेनासारखं एक यंत्र आणलं, थंड मलम लावलं. हातावर ठेवलं तं त्यातून आवाज आला, भस्स, भस्स, भस्स. तो म्हणे, हे तुमचं रक्त चाललंय. मंग पायावर ठेवलं. तिथी नुसती खरखर. रेडिओवर स्टेशन लागत नाई तशी. त्यानं यंत्र इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. खरखरच.

तो मोरूले बाहेर घेऊन गेला. दरवाजा काचेचा होता. मोरूचं तोंड मले दिसून राह्यलं होतं. ते दोघं आत आले तवा मी म्हटलं, डॉक्टर साहेब, पाय माहा हाये, मले सांगा.

त्यानं खुर्ची ओढली अन् माह्यासमोर बसला. ते मले आवडलं.

"आजी, पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या तंबाखूनं बुजल्यात. उजव्या पायात तार घालून रस्ता मोकळा करू. डावा तेवढा बिघडलेला नाही. तो तुम्ही चालून उघडायचा."

"चाललं का दुखते, साहेब."

"दुखेपर्यंत चालायचं. मग थांबायचं. मग पुन्हा चालायचं. त्यानं बारीक नळ्या मोठ्या होतात."

मी समजली ते असं, का मोठा रस्ता बंद पडला तं बैलगाडी पांदणीनं जाते. रोज गेली तं पांदणीचाही रस्ता होते. नाई गेली तं तिथी काटे वाढतात.

मी विचारलं, नाई उघडला तं? तो म्हणे, तर आज ना उद्या कापावा लागतो. मी विचारलं, कुठून? त्यानं आपल्याच पायावर गुडघ्याच्या खाली हात आडवा ठेवून दाखवला. बाजूले बसलेली अर्चना रडाले लागली. मी तिले म्हटलं, रडते काऊन, तुहा पाय थोडीच हाये. ती आणखीच रडली. (हे लिहू का म्हणते. लिही म्हटलं.)

त्या दिवशी खर्रा सोडला. मोठी हिंमत केली असं नाई. दवाखान्याच्या आवारात तो मिळतच नोता.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस झाडूनं सुरू होये. झाडणारी बाई दरवाजातूनच आवाज दे, पाय वर घ्या, पाय वर घ्या. आमच्या वॉर्डात अर्ध्याईले एकच पाय होता. ती तरी काय करन, तिची सवय. पण कोणी हासे, कोणी तोंड फिरवे. मंग चहा, मंग सुया, मंग डॉक्टर लोकाईचा जथ्था, मंग दिवसभर काही नाई. पंखा पाहाचा.

बाजूच्या खाटेवर जिवतीच्या पहाडातली एक गोंड बाई होती. माह्यापेक्षा तरणी. तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढला होता. ती झोपेत हात लांब करून चादर खाजवे. मी विचारलं, काय करते व. म्हणे, अंगठा खाजवते. मी म्हटलं, अंगठा तं नाई. म्हणे, मले मालूम हाये, त्याले मालूम नाई.

तिची पोटरी पण अशीच आवळे. पण तिच्या घरच्याईनं तिले चालू देल्लं नाई. दुखते तं बस म्हणत. पाणी भराले जाऊ देत नोते, सगळे हातात आणून देत. लय चांगले लोक हायेत माहे, म्हणे. तिचा नवरा रोज खाली पायरीवर बसून राहे.

मले भेव वाटलं ते तारेचं नाई, त्या चादर खाजवाचं वाटलं.

तार टाकली तवा मी जागी होती. जांघेतून टाकली. दुखलं कमी, पण एकदम पायात गरम पाणी उतरल्यासारखं झालं. मंग दिवसभर पाय हलवाचा नाई, जांघेवर वाळूची थैली. त्या दिवशी एका सिस्टरनं माहं डोकं विंचरून देल्लं. तिचं ते काम नोतं. माह्या केसात जट झाली होती, ती बसून सोडवत राह्यली. पायापेक्षा मले तेच जास्त आठवते. सुरुवातीले सांगतली ती सिस्टर हीच.

घडी

अंगठ्याची जखम भराले पावसाळा उजाडला, तोपर्यंत मोरूच्या घरी राह्यली. दोन खोल्या, चौथा माळा. अर्चना सकाळी शिलाईच्या कामाले जाये. मी खिडकीत बसो. तिनं माहे सगळे कपडे झटकून पाह्यले होते, खर्रा हाये का म्हून. एक पन्नी पोलक्याच्या शिवणीत निघाली. मी ठेवली होती हे मीच विसरली होती. दोन दिवस आम्ही दोघी बोललो नाई. मंग तिनं जवस भाजून एका डबीत भरून देल्लं. म्हणे, आई, तोंड हलवाचं असन तं हे हलवा. अजूनही ती डबी कंबरेले राहते.

मले गावी जाचं होतं. मोरू नाई म्हणे. तिथी तू बसून राहशीन, इथी नजरेसमोर चालशीन. मी म्हटलं, इथी कुठी चालू, जिन्यावर? त्याचं अन् माहं वाजलं. मंग त्यानं ती घडी आणली, मनगटात बांधाचं घड्याळ.

काळी, रबराची. वेळही दाखवते, पण मेन काम पावलं मोजाचं. त्यानं माह्या डाव्या मनगटात बांगड्याईच्या वर बांधली. मी दोन पावलं चालली, आकडा हालला. मले हासू आलं. मोरूनं एक जुना मोबाइलही देल्ला. घडीतला आकडा त्या मोबाइलमधून त्याच्या मोबाइलवर जाये. आमच्या गावात रेंज शाळेजवळच येते. संध्याकाळी तिथी गेली का चंद्रपुरात त्याले दिसे, माय आज किती चालली.

डॉक्टरनं पाच हजाराचा आकडा देल्ला होता. हळूहळू वाढवत तिथपर्यंत जाचं. मोरू म्हणे, आकडा आला तं गावात राहा. आकडा नाई आला तं मी घ्याले येतो, मंग काही ऐकणार नाई.

पोळ्याच्या आधी मी घरी आली.

रस्ता

डॉक्टरनं सांगतलं होतं, सकाळी लवकर उठून चालत जा, हवा चांगली असते. त्याले आमच्या गावची हवा मालूम नोती. आमच्याकडं ऊन वर येईपर्यंत कोणी एकटं गावाबाहेर पडत नाई. वाघ त्याच वेळी रस्ता ओलांडते. जंगलखात्यानं बोर्डही लावला हाये. म्हून मी ऊन आल्यावर निघो.

माह्या घरून पुलापर्यंत सरळ रस्ता हाये. पहिले बोरिंग लागते, जिथी बाया पाणी भरतात. मंग शाळा. मंग गाडीचा थांबा, तिथी कडूनिंब हाये. मंग पूल. पहिल्या दिवशी डावी पोटरी बोरिंगजवळच आवळली. मी दोन पावलं जास्त गेली अन् उभी राह्यली. सुटल्यावर पुन्हा निघाली. शाळेपर्यंत जाऊन येऊन मी घामाघूम झाली होती. आकडा पाह्यला तं तीनच आकडे होते. पाच हजाराले चार लागतात, तेवढं मले कळे.

लोकाईले तमाशा झाला. बाई रिकाम्या हातानं चालून राह्यली, डोक्यावर काही नाई, हातात विळा नाई, अन् थांब्यापर्यंत जाऊन गाडीत न बसता वापस येते. बोरिंगवर एक जण म्हणे, काकू, काही हरपलं का? दुसरी म्हणे, दवाखान्यात डोक्यातही तार टाकली असन. काही जणी खरंच काळजीनं म्हणत, पाय दुखते तं कशाले चालता, बसा. मले जिवतीची बाई आठवे. मी चालो.

गिरजा माह्यासोबत येई. तिले काही झालं नोतं, पण मले एकटी सोडे नाई. मी उभी राह्यली का ती म्हणे, पाह्यलं झाड? झालं पाहून? चल.

असं करत करत पोटरी शाळेपर्यंत आवळेनाशी झाली. दिवाळीच्या सुमारास मी कडूनिंबापर्यंत एका दमात जाऊ लागली. आकडे चार झाले होते. मोरू फोनवर खूश. मी पण खूश.

सूप

मंग धान निघालं. आमच्याकडं मशीननं काढलं तरी घरचं खाचं धान बाया सुपानं पाखडतात. माहं पाखडणं चांगलं हाये. गिरजाचं पाखडलं, जाऊबाईचं पाखडलं, मंग तूर आली. दिवसभर आंगणात बसून सूप. पाय लांब करून, उन्हात.

पहिल्या संध्याकाळी शाळेजवळ गेली तं मोरूचा फोन आला. म्हणे, माय, आज तं तू कमालच केली. मी घडी पाह्यली. आकडा पाच हजाराच्याही पुढं गेला होता. मी म्हटलं, दिवसभर काम केलं बाप्पा. तो म्हणे, असंच करत जा.

मले वाटलं घडीले समजते. मेहनत झाली म्हंजे झाली, पायानं केली काय अन् हातानं केली काय. शहरातल्या लोकाईनं बनवली, मोरूनं आणली, डॉक्टरनं सांगतली, तं ती बरोबरच मोजत असन. दिवसभर सूप चालवल्यावर वरून रस्त्यानं कशाले चालू? चालणं सुटलं. संध्याकाळी रेंजसाठी शाळेपर्यंत हळूहळू जाचं, तेवढंच काय ते चालणं. थंडीभर रोज आकडा भरे, रोज मोरू खूश होये.

एकदा बांधीवर जाले निघाली तं बोरिंगजवळ पोटरी आवळली. मी गिरजाले म्हटलं, थंडी लय हाये. ती माह्यासोबत थांबली.

तारीख

संक्रांतीनंतर तपासणीले गेलो. डाव्या पायाचं शेवटचं बोट निळं दिसून राह्यलं होतं. डॉक्टरनं पहिले मोरूच्या मोबाइलमध्ये आकडे पाह्यले. म्हणे, आजी, शाब्बास, इतकं तर तरुण माणसंही चालत नाहीत. मंग मलम लावून यंत्र ठेवलं. उजव्या पायावर आवाज आला. डाव्यावर खरखर.

त्यानं पुन्हा मोबाइल पाह्यला, पुन्हा यंत्र ठेवलं. मंग म्हणे, एवढं चालूनही फरक पडत नसेल तर आता वाट पाहण्यात अर्थ नाही. तार घालून पाहू. पण ही नळी लांबवर बुजली आहे, तार जाईलच असं नाही. होळीनंतर भरती व्हा. मनाची तयारी ठेवा.

मनाची तयारी म्हंजे काय ते मी विचारलं नाई. त्यानं हात आडवा ठेवून दाखवलं होतं, ते मले पाठ होतं.

मोरू म्हणे, होळीपर्यंत इथीच राहा. मी म्हटलं, नाई. मोहाची फुलं वेचाचे दिवस येऊन राह्यले. पाय गेल्यावर मले मोहाखाली कोण नेईन? अर्चनानं माही थैली भरून देल्ली. तिनं मले अडवलं नाई, हे मी तिच्यासमोरच सांगतो.

मोह

मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. पण आता कोणी अंधारात जात नाई. आम्ही दहाबारा बाया फटफटलं का सोबतच निघतो, बोलत, डबे वाजवत. माह्या मोहाचं झाड आतमधी हाये, पुलाच्या पलीकडं. जाताना मी पाच जागी उभी राह्यली. बाया समोर गेल्या, गिरजा थांबली. मी तिले सांगतलं, तारीख देल्ली हाये. ती म्हणे, मालूम हाये, मोरूनं सांगतलं. मंग म्हणे, चल, फुलं वाळून जातीन.

वेचताना उकिडवं बसाचं, सरकाचं. जाताना रिकामं, येताना भरलेलं टोपलं डोक्यावर. डावा हात टोपल्याले, उजव्या हातात काठी. आम्ही बाया अशाच चालतो, लहानपणापासून. थांबत, चालत, थांबत, चालत घरी आली तवा पाय लाकूड झाले होते.

रोज गेली. दुसरं काय कराचं होतं?

एका संध्याकाळी मोरूचा फोन. आवाज चढलेला. म्हणे, माय, आकडा कुठी गेला? मी म्हटलं, जंगलातून जाऊन आली. तो म्हणे, काहीच नाई दिसून राह्यलं, तू खाटेवर बसून हायेस. मी म्हटलं, तुह्या गळ्याची आण, चालली. तो म्हणे, "खोटं बोलू नोको. घडी काय खोटं बोलते का?"

मी म्हटलं, "मंग घडीलेच माय म्हण."

अन् फोन बंद करून टाकला. तीन दिवस चालूच केला नाई.

नंतर अर्चनानं सांगतलं, तो त्या तीन दिवसात नीट जेवला नाई. खदानीत गाडी चालवताना डोकं दुसरीकडं होतं म्हून मुकादमानं त्याले उतरवून बसवलं होतं. मले ते तवा मालूम नोतं. मालूम असतं तरी फोन केला असता का, सांगता येत नाई.

मोरू आला

चौथ्या दिवशी मोरू मोटारसायकल घेऊन आला. मले उचलून नेण्यासाठी आला होता. घरी कुलूप, म्हून तो पुलावर येऊन उभा राह्यला. आम्ही बाया जंगलातून निघालो तं हा समोर. जीन घातलेला, डोळे लाल. बायाईनं त्याले पाहून पदर ओढले अन् हासल्या. एक म्हणे, साहेब, माय पळून नाई गेली, टोपलं घेऊन येऊन राह्यली.

तो सरळ माह्या डोक्यावरचं टोपलं घ्याले आला. मी देल्लं नाई. म्हटलं, मागं चाल.

तो मागं चालला. थोड्या वेळानं मोबाइल काढला. आमचा जुना मोबाइल माह्या कंबरेच्या थैलीत होता, तो त्यानं मांगून घेतला अन् चालू केला. पुलापासून कडूनिंबापर्यंत तो मोबाइल पाहत चालला अन् मी टोपलं घेऊन. मंग म्हणे, माय, थांब. मी थांबली.

"आता चाल."

मी चालली.

"डावा हात खाली सोड."

"टोपलं पडन ना रे."

त्यानं एका हातानं टोपलं धरलं. मी हात खाली सोडला अन् चालली. हात आपोआप हालाले लागला. मोरू मोबाइल पाहत होता. त्याचा चेहरा पाहून गिरजा पण जवळ आली. तो म्हणे, हात वर कर. मी वर केला. चाल. चालली. सोड. सोडला. असं आम्ही त्या रस्त्यावर किती वेळा केलं, लोक पाहून राह्यले होते.

घडी पायाले पाहत नोती. हात हालला तं पाऊल, नाई हालला तं नाई. डोक्यावर टोपलं घेऊन माणूस चालते, हे तिले कोणी सांगतलंच नोतं.

मोरू खाली बसला, रस्त्याच्या काठाले. मले वाटलं आता माफी मांगन. पण तो दुसराच विचार करून राह्यला होता. म्हणे, माय, थंडीत मंग एवढा आकडा कसा आला? तवा तू काय करत होती?

मी म्हटलं, धान पाखडत होती.

"कसं?"

मी टोपलं त्याच्याजवळ देल्लं अन् रिकाम्या हातानं सूप चालवून दाखवलं. मोबाइलमधला आकडा पळाले लागला. बसल्या जागी.

त्यानं मोबाइल खाली ठेवला. मंग म्हणे, म्हंजे थंडीभर तू चाललीच नाई.

"नाई."

"अन् आपण डॉक्टरले सांगतलं का एवढं चालून काही फरक नाई."

गिरजा म्हणे, मंग चालून पाहूनच तारीख घ्या ना.

पाय

घरी येऊन मोरूनं घडी मनगटातून काढली अन् माह्या डाव्या घोट्यावर बांधली. पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पुरेना, तं सुतळीनं जोडला. तिथी लग्नात तोडा होता माहा. गिरजा म्हणे, या वयात नवरी झाली.

मोरूनं डॉक्टरले फोन करून सगळं सांगतलं. सुपाचं समजवाले त्याले वेळ लागला. डॉक्टर म्हणे, पावसाच्या आधीपर्यंत थांबू. पण पट्टा सैल ठेवा, पायावर घट्ट काही नको. पायाची बोटं रोज पाहायची, काळं दिसलं किंवा बसल्या जागी दुखलं तर त्याच दिवशी या. मी रोज पाहो. मले खाली नीट दिसे नाई, म्हून गिरजा पाहे. निळं हाये, निळंच हाये, कमी हाये, असं ती सांगे.

पहिल्या आठवड्यात घोट्यावरच्या घडीत जो आकडा आला तो पाहून मले शरम वाटली. पण तो खरा होता. मोह संपला, मी चालत राह्यली. टोपलं असो नसो. पोटरी बोरिंगजवळ आवळे, मंग शाळेजवळ, मंग थांब्याजवळ. एका दिवशी ऊन होतं, मी पुलावर पोचली अन् मले ध्यानात आलं का मी अजून उभीच राह्यली नाई. मंग आवळली. पुलाच्या कठड्यावर बसली. गिरजा म्हणे, इथी झाड नाई, आता काय पाहशीन? मी म्हटलं, पाणी पाहतो.

तेंदूची पानं संपल्यावर चंद्रपूरले गेलो. डॉक्टरनं या वेळी मोबाइल मांगतलाच नाई. मलम लावलं, यंत्र डाव्या पायावर ठेवलं. खरखर. मोरूनं खाली मान घातली. डॉक्टरनं यंत्र केसभर सरकवलं. खरखर. आणखी सरकवलं. मंग त्या खरखरीच्या मधातून बारीक आवाज आला. भस्स. थांबून, भस्स. हातावर येते तसा नाई. बारीक. पण होता.

डॉक्टरनं यंत्र तिथंच धरून ठेवलं. तो आवाज आम्ही चौघं ऐकत बसलो, मी, मोरू, अर्चना अन् डॉक्टर.

मंग तो म्हणे, आजी, तारीख रद्द. चालणं रद्द नाही. तंबाखूचं एक पानही नाही. मी म्हटलं, कंबरेले जवसाची डबी हाये, खाता का? त्यानं खरंच हात समोर केला.

पाय बरा झाला असं मी म्हणणार नाई. पोटरी अजून आवळते, पुलाच्या पलीकडं आवळते. ज्याईले असं होऊन राह्यलं त्याईले एवढंच, का घरचे बस म्हणतीन, ते मायेनं म्हणतीन, पण डॉक्टरले विचारून पाहा. अन् घडी घ्याल तं ती कुठी बांधता ते पाहा.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना लिफ्ट होती, पण आम्ही जिन्यानं उतरलो. खाली फाटकापर्यंत आलो अन् डावी पोटरी आवळली. मी भर रस्त्यात उभी राह्यली. लोक बाजूनं जाऊन राह्यले होते. झाड पाह्यलं नाई, पदर ठीक केला नाई. मोरू पण उभा राह्यला. काऊन थांबली, असं त्यानं विचारलं नाई. सुटल्यावर मी निघाली.